पहिलीच स्की ट्रिप, थेट मोठ्या रिसॉर्टला: सहा जण, सात दिवस. नियोजनात मदत हवी

उंटावरचा_शहाणा | १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

या हिवाळ्यात सात दिवस स्कीइंगला जायचं घाटतंय. आम्ही सहा जण: मी, बायको, मुलगी (११), मुलगा (६), आई (६८) आणि मेहुणा. मेहुणा सात-आठ वर्षं स्नोबोर्ड करतोय. बाकी कुणी आयुष्यात पायाला स्की लावलेली नाही. आई अर्थातच स्की करणार नाही, पण बर्फ बघायला तिला यायचंच आहे. मुलगी मामाचं बघून स्नोबोर्डवर अडून बसली आहे.

मेहुण्याचं म्हणणं, जायचं तर मोठ्या डोंगरावर जा, नाहीतर घरी बसा. म्हणून मी एक तक्ता केलाय: रनची (म्हणजे स्कीसाठी आखलेल्या वाटांची) एकूण लांबी किंवा क्षेत्रफळ, लिफ्ट किती, शिखर किती उंच. सध्या आघाडीवर आहेत फ्रान्समधलं थ्री व्हॅलीज (६०० किमी), कॅनडातलं व्हिस्लर ब्लॅककोम (८,१७१ एकर) आणि अमेरिकेतलं पार्क सिटी (७,३०० एकर). तारखा नाताळ ते नवीन वर्ष, कारण शाळा.

प्रश्न: यातलं कुठलं निवडू? पास कधी घेऊ? शिकवणी खरंच लागते का? सामान विकत की भाड्याने? आणि आईला दिवसभर काय?

जुनी_खोड | १४ सप्टेंबर

शहाणे, तक्ता छान आहे पण नेमका जो आकडा लागतो तोच त्यात नाही.

पहिले तीन दिवस तुम्ही चौघं मिळून जेमतेम दोनशे मीटरच्या उतारावर असणार आहात. खाली मॅजिक कार्पेट, म्हणजे सरकता पट्टा, त्याच्यावर उभं राहायचं, वर जायचं, घसरत खाली यायचं, पुन्हा पट्टा. सहाशे किलोमीटरपैकी पाचशे नव्व्याण्णव तुमच्या दृष्टीने देखावा. तेव्हा रिसॉर्ट निवडताना ते दोनशे मीटर कसे आहेत ते बघा. अगदी पायथ्याला आहेत की गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेने, वर गेल्यावर मधल्या स्टेशनपाशी? पायथ्याचा उतार सोयीचा. कुणाला थंडी वाजली, कुणाला शू लागली, की पाच मिनिटांत खोलीवर. मधल्या स्टेशनजवळचा उतार बर्फाच्या दृष्टीने चांगला, पण मग सामानासकट रोज गोंडोलाची चढउतार आली. तो उतार दोरीने वेगळा केलाय की वरून येणारे सगळे त्याच्यातूनच सुसाटत घरी जातात, हेही बघा. दुसरा प्रकार असेल तर दुपारी साडेतीननंतर नवशिक्याने तिथे थांबू नये.

मी कुठलाही डोंगराचा नकाशा खालून वर वाचते. पायथ्यापासून बोट ठेवून हिरव्या, म्हणजे सगळ्यात सोप्या, रेषेने किती वर जाता येतं, आणि हिरव्यानेच परत खाली येता येतं का? काही ठिकाणी वर सोपं पठार असतं, पण खाली उतरायला निळी किंवा लाल वाटच उरते. तिथे गोंडोलात बसून खाली या. त्यात काही कमीपणा नाही.

रंगांबद्दल, सोप्याकडून अवघडाकडे: उत्तर अमेरिकेत हिरवा गोल, निळा चौकोन, काळा हिरा, दोन काळे हिरे. युरोपात हिरवा, निळा, लाल, काळा, आणि बऱ्याच ठिकाणी हिरवा नसतोच, निळ्यापासून सुरुवात. जपानात हिरवा, लाल, काळा. शिवाय रंग त्या त्या डोंगरापुरता असतो. एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणी काळा निघू शकतो. 'मी निळ्यावर जातो' हे वाक्य डोंगराचं नाव घेतल्याशिवाय अपुरं आहे.

आडवी_फळी | १४ सप्टेंबर

आला का स्कीवाल्यांचा धागा! स्नोबोर्डच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे म्हणून.

सगळ्यात आधी: अमेरिकेत अजूनही तीन डोंगर असे आहेत जिथे स्नोबोर्डला मनाई आहे. युटामधले डिअर व्हॅली आणि आल्टा, आणि व्हरमाँटमधलं मॅड रिव्हर ग्लेन. पार्क सिटी घेणार असाल तर डिअर व्हॅली अगदी भिंतीला भिंत लावून आहे. नावं बघून चुकून तिथलं बुकिंग कराल आणि मामा-भाची फाटकाबाहेर बसतील.

दुसरं म्हणजे सपाटी. मोठ्या रिसॉर्टमध्ये एका भागातून दुसऱ्या भागात जायला लांबलचक सपाट वाटा असतात. स्कीवाले काठ्या मारत निघून जातात. आम्ही मागचा पाय सोडवून, एक पाय फळीवर आणि एक बर्फात, लंगडीसारखे ढकलत जातो. मेहुण्याला हे माहीत असेलच, पण मुलीला पहिल्याच आठवड्यात अशा वाटेवर नेऊ नका. तिथे वेग धरून ठेवावा लागतो आणि नवशिक्याला नेमकी वेगाचीच भीती वाटते. टी-बारसारख्या ओढून नेणाऱ्या लिफ्टही टाळा. दोन पायांच्या मध्ये दांडा, फळी आडवी, मी पहिल्या वर्षी तीनदा मध्येच सांडलोय आणि मागच्या रांगेने ते निवांत बघितलंय.

पण अकराव्या वर्षी स्नोबोर्ड शिकायला काहीच हरकत नाही. फक्त तिला आधीच सांगून ठेवा: स्कीवर पहिला दिवस बरा जातो आणि पुढे सुधारणा हळू होते. स्नोबोर्डवर पहिले दोन दिवस बूड शेकून निघतं, तिसऱ्या दिवशी एकदम जमतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती 'मला स्कीच हवी' म्हणेल. तेव्हा ऐकू नका.

पाटीवरचा_खडू | १५ सप्टेंबर

एवढे पैसे घालून, आठ थर कपडे घालून, थंडीत पडायला जायचं. कमाल आहे.

जुनी_खोड | १५ सप्टेंबर

हो. आणि उठायलाही.

मोजपट्टी | १५ सप्टेंबर

दोन हंगाम स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात काउंटरच्या मागे काढलेत, त्यामुळे सामानाबद्दल मी लिहितो.

पहिल्या वर्षी सगळं भाड्याने. विकत घ्यायचंच असेल तर हातमोजे, गॉगल, मोजे आणि आतले थर्मल. हेल्मेट भाड्याने मिळतं.

आता बूट, कारण सुट्टीची वाट लावायची ताकद एकट्या बुटात आहे. माणूस येतो, पाय घालतो, 'घट्ट होतोय' म्हणतो, एक नंबर मोठा मागतो. रांग लांब असली की काउंटरवरचा पोरगा देऊनही टाकतो. दुसऱ्या दिवशी टाच आत वरखाली होते, नडगी पुढे आपटते, आणि तो माणूस 'स्कीइंग फार दुखतं' म्हणत परत जातो. दुखवलेलं असतं त्या मोठ्या नंबराने.

स्की बुटाचा नंबर म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. घरीच भिंतीला टाच लावून कागदावर पाय मोजून जा. बुटात पाय घातला की आधी टाच मागे जमिनीवर आपटायची, म्हणजे ती खोबणीत बसते. मग बकल लावायची. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगीने बुटाच्या जिभेवर रेललं की बोटं थोडी मागे सरकली पाहिजेत. बोटं हलवता आली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. दोन मोजे घातले की घड्या पडतात, रक्त अडतं आणि उलट पाय गार पडतात. थर्मलची पँट बुटाच्या वर थांबवायची, आत खोचायची नाही. ही एक चूक निम्मी गिऱ्हाइकं करायची.

दुसरं, फॉर्मवर खरं लिहा. स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोराने सुटावं, ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता यावरून ठरतं. लाजून वजन कमी लिहिलंत तर स्की उगाच सुटेल. शायनिंग मारून 'मध्यम' लिहिलंत तर सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा पिळवटेल. पहिल्यांदा जाताय, 'नवशिका' लिहा. स्नोबोर्डचं बाइंडिंग सुटत नाही, त्यामुळे तिथे हा हिशोब नाही. तिथे डावा पाय पुढे की उजवा एवढंच विचारतात. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरायला लावा, मुलगी जो पाय आपसूक पुढे टाकेल तो पुढचा.

सामान आदल्या संध्याकाळी घ्या. सकाळी नऊला सगळं गाव दुकानात असतं.

हाडवैद्य | १५ सप्टेंबर

मोजपट्टींची पोस्ट छापून भिंतीला लावावी अशी आहे.

माझ्याकडे हंगामात येणारे ढोबळमानाने असे: स्नोबोर्डवाले मनगट घेऊन येतात, स्कीवाले गुडघा. स्कीवाल्यांचा अंगठाही. पडताना हातात काठी राहते आणि अंगठा बाहेर खेचला जातो. नवशिक्याने काठीचा पट्टा मनगटात न अडकवणंच बरं. स्नोबोर्ड शिकताना पंजा उघडा टेकवून पडू नका. मूठ मिटा, हात छातीशी घ्या आणि पुढे पडलात तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर पडा. मुलीसाठी मनगटाचे गार्ड नक्की घ्या.

गॉगल आणि सनस्क्रीनला लोक हसतात. उंचीच्या दर १,००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन वरून आणि खालूनही. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला लावा. मी स्वतः एकदा हनुवटीखाली लावायला विसरलो होतो. आठवडाभर दाढी करता आली नाही.

आईंसाठी उंची बघा. शिखराची नव्हे, झोपायच्या गावाची. कोलोरॅडोतलं ब्रेकनरिज हे गावच २,९२६ मीटरवर आहे आणि तिथली सगळ्यात वरची लिफ्ट ३,९१४ मीटरपर्यंत जाते. तिथे धडधाकट माणसालाही पहिल्या दोन रात्री डोकेदुखी आणि झोपमोड होऊ शकते. थ्री व्हॅलीजमधलं व्हॅल थोरेन्सही २,३०० मीटरवर आहे. व्हिस्लरचं गाव मात्र जेमतेम ६७५ मीटर. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, आणि पहिला दिवस कुणीच अंग मोडून काही करू नका.

विमा घेताना 'हिवाळी खेळ' वेगळं नमूद आहे का बघा. साध्या प्रवास विम्यात बहुधा नसतं. असलं तरी आखलेल्या रनच्या बाहेरचं बरेचदा वगळलेलं असतं. मेहुण्याला ही ओळ मोठ्याने वाचून दाखवा.

चकवा | १५ सप्टेंबर

६७५ मीटरचं दुसरं टोकही सांगतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे गावात पाऊस, मध्यावर चिखल आणि वर झकास बर्फ, हे सगळं एकाच सकाळी. खिडकीतून पाऊस बघून लोक पांघरुणात परत जातात आणि वर जाणाऱ्यांची चंगळ होते. अंदाज बघताना गावाचा बघू नका, शून्य अंशाची रेषा किती मीटरवर आहे ते बघा.

आता माझी फजिती. अनेक दऱ्या लिफ्टने जोडलेलं एक अवाढव्य रिसॉर्ट. (नाव घेत नाही, चूक त्यांची नव्हतीच.) आम्ही तिघं तिसऱ्या दरीत पोचलो, ऊन छान, एक रन आणखी, एक आणखी. परत यायला दोन लिफ्ट लागत होत्या. पहिली मिळाली. दुसरीच्या दारात पोचलो तेव्हा माणूस साखळी लावत होता. त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं, बोलला काहीच नाही. डोंगराच्या माथ्यावरून वीस मिनिटांवर असलेलं आमचं गाव रस्त्याने डोंगराला वळसा घालून दीड तासावर होतं. स्की बुटात, ओल्या कपड्यांत, टॅक्सीच्या मागच्या सीटवर तीन जण. भाडं किती झालं ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा जोडलेल्या दऱ्यांमध्ये जाताना शेवटच्या नव्हे, शेवटून दुसऱ्या लिफ्टची वेळ हातावर लिहून ठेवा. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटहून तर स्की करत सरळ इटलीत चर्व्हिनियाला उतरता येतं. तिथे शेवटची लिफ्ट चुकली की दुसऱ्या देशात मुक्काम.

उंटावरचा_शहाणा | १६ सप्टेंबर

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. तक्त्याची लाज वाटायला लागली आहे.

पण मेहुण्याचं काय करू? तो सात दिवस आमच्याबरोबर सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहणार नाही. आणि शिकवणीबद्दल कुणीच बोललं नाही. तो म्हणतो, 'मी शिकवतो सगळ्यांना, पैसे कशाला घालवता?'

जुनी_खोड | १६ सप्टेंबर

नाही. नाही. नाही.

माझ्या नवऱ्याने मला शिकवायला घेतलं होतं. 'गुडघे वाकव' हे एकच वाक्य त्याने चाळीस वेळा म्हटलं, आणि मी गुडघे वाकवूनच उभी होते. शेवटी मी स्की काढून हातात घेतल्या आणि चालत खाली आले. त्यानंतर अर्ध्या दिवसाच्या वर्गात एका शिक्षिकेने मला सांगितलं, 'नडगीने बुटाची जीभ दाब.' तेवढ्यानं काम झालं. ज्याला कैक वर्षं येतं त्याला आपण काय करतो हे आठवतच नाही.

लहानग्याला शाळेत घाला. सहाव्या वर्षी ती मुलं एकमेकांचं बघून शिकतात. स्कीचा पुढचा भाग जोडून त्रिकोण केला की त्याला 'पिझ्झा' म्हणतात, तो थांबायला. समांतर केल्या की 'फ्रेंच फ्राइज', त्या पळायला. सुरुवातीला काठ्या देत नाहीत, आणि तेच बरं. तुम्ही नवरा-बायको मोठ्यांच्या गटात जा, शक्यतो वेगवेगळ्या. मुलगी स्नोबोर्डच्या गटात. सलग तीन सकाळी शिकवणी घ्या, एक दिवस शिकून दोन दिवस आपलं आपण असं करू नका. आणि हे आधी बुक करा, गर्दीच्या आठवड्यात खोली मिळते पण शिक्षक मिळत नाही.

मेहुण्याला सकाळी मोकळा सोडा. मोठ्या रिसॉर्टचा खरा उपयोग त्यालाच आहे, आणि तुमच्यासाठी तेवढा पुरे. दुपारी एक वाजता ठरल्या जागी भेट. 'लिफ्टच्या खाली' असं ठरवू नका, लिफ्टच्या खाली तीनशे लोक असतात. एखाद्या पाटीचं, दाराचं नाव ठरवा. फोनची बॅटरी थंडीत पटकन बसते, तो आतल्या खिशात ठेवायचा. आणि पास डाव्या खिशात, एकटा. फोनजवळ ठेवलात की फाटक उघडत नाही आणि मागची रांग तुमच्या नावाने बोटं मोडते.

आडवी_फळी | १६ सप्टेंबर

मेहुण्याला एक निरोप. उत्तर अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीच्या आत, रन सोडून झाडीत गेलात तरी तो भाग हिमस्खलनाच्या दृष्टीने तपासलेला असतो, धोका वाटला तर दोरी लावून बंद करतात. युरोपात साधारणपणे आखलेल्या रनचीच हमी. खांबांच्या पलीकडे एक पाऊल टाकलं की तुमचं तुम्ही, जरी वर लिफ्टची तार दिसत असली तरी. दोन्हीकडे राहून आलेले लोकही ही गोष्ट विसरतात. स्खलनाच्या धोक्याचे पाच टप्पे असतात. तीन म्हणजे 'मधलाच तर आहे' असं वाटतं, पण त्या टप्प्याचं अधिकृत नाव 'लक्षणीय' असं आहे. आणि हमी असलेल्या झाडीतही एकट्याने जाऊ नकोस म्हणावं. भरपूर बर्फ पडल्यावर झाडाच्या बुंध्याभोवती पोकळी राहते. त्यात डोकं खाली गेलं की स्वतःहून निघता येत नाही.

सावली | १६ सप्टेंबर

आईंच्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण मी माझ्या आईला घेऊन गेले होते.

आम्ही तिला पहिल्या दिवशी हॉटेलच्या लॉबीत खिडकीजवळ बसवलं, 'बर्फ बघ' म्हणून. दुपारी आलो तर तिने दोन वेळा बॅग आवरली होती. दुसऱ्या दिवसापासून तिला पायी जाणाऱ्यांचा गोंडोला पास घेतला. स्कीशिवाय वर जाऊन खाली येता येतं हे कितीतरी लोकांना माहीत नसतं. व्हिस्लरला दोन शिखरांना जोडणारी पीक टू पीक गोंडोला आहे, डिसेंबर २००८ मध्ये सुरू झालेली, ४.४ किलोमीटर लांब आणि मध्ये दरीपासून ४३६ मीटर उंच. त्यात काचेच्या तळाचे दोन डबे आहेत, त्यांची रांग वेगळी. झरमॅटला गॉर्नरग्राटची दातेरी रेल्वे १८९८ पासून विजेवर चालते आणि ३,०८९ मीटरवर नेऊन सोडते, समोर मॅटरहॉर्न. गावात खासगी गाड्यांना बंदी असल्याने वयस्कर माणसाला फिरायलाही बरं पडतं.

एक नक्की करा: आईंना बुटाखाली लावायचे दातेरी पट्टे घ्या. बर्फ पडतो तेव्हा घसरत नाही, रात्री गोठलेल्या पायऱ्यांवर घसरतं. आणि सगळे एकाच वेळी डोंगरावर जाऊ नका, पाळी लावा.

मोजपट्टी | १७ सप्टेंबर

तारखांबद्दल कुणी बोललं नाही अजून. नाताळचा आठवडा नवशिक्यांसाठी सगळ्यात वाईट. गर्दी टोकाची, दर टोकाचे, आणि हंगामाची सुरुवात असल्याने खालच्या उतारांवर, म्हणजे नेमका तुमच्या उतारावर, बर्फ पातळ असू शकतो. नववर्ष संपलं की जानेवारीत एकदम शांतता होते. थंडी जास्त, दिवस लहान, पण शिक्षक मिळतो, रांग नाही. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना विभागवार पाळीपाळीने सुट्ट्या असतात, त्यामुळे गर्दी बराच काळ हटत नाही. अमेरिकेत प्रेसिडेंट्स डेचा वीकएंड टाळा. मार्चअखेर ऊन छान, पण सकाळी काचेसारखा बर्फ आणि दुपारी पेंड.

पास: एपिक, आयकॉनसारखे हंगामी पास आधी स्वस्त असतात, मग महाग होत जातात. एपिकची विक्री तर डिसेंबरच्या सुरुवातीला बंदच होते. मेहुण्याला सात दिवस फिरायचंय, त्याने तो हिशोब करावा. तुम्ही चौघांनी सगळ्या डोंगराचा पास पहिल्या तीन दिवसांसाठी घेऊच नका. बहुतेक ठिकाणी फक्त शिकाऊ लिफ्टचं वेगळं तिकीट असतं, शिकवणीच्या पॅकेजमध्ये तर ते आणि सामान दोन्ही धरलेलं असतं. थ्री व्हॅलीजमध्येही एकाच दरीचा पास मिळतो. खिडकीवर जाऊन त्या दिवशी तिकीट काढणं हा सगळ्यात महाग मार्ग.

उंटावरचा_शहाणा | २० सप्टेंबर

घरात बैठक झाली. शाळेला पाच दिवस दांडी मारून जानेवारीचा दुसरा आठवडा ठरला. मुख्याध्यापिकांना पत्र मी लिहायचं असं ठरलं, म्हणजे बहुमताने माझ्यावर ढकललं. नवा तक्ता केलाय, त्यात स्तंभ तीनच: शिकाऊ उतार कुठे, झोपायचं गाव किती उंच, खोलीपासून लिफ्ट किती पावलं. मेहुणा रुसला होता. मग सकाळी तो मोकळा असेल हे ऐकल्यावर त्यानेच दोन रिसॉर्ट सुचवले.

जुनी_खोड | २० सप्टेंबर

'पावलं' मोजताना स्की बुटातली पावलं मोजा. 'लिफ्टपासून पाच मिनिटं' म्हणजे बुटांत, खांद्यावर स्की, एका हातात मुलाच्या स्की आणि दुसऱ्या हातात मूल, असं वीस मिनिटं. खाली साठवणीचं लॉकर असेल तर पैसे देऊन घ्या. आणि चौथा दिवस मोकळा ठेवा. चौथ्या दिवशी मांड्या संपावर जातात, आणि दमलेला माणूस दुपारी तीनच्या सुमारास पडतो.

उंटावरचा_शहाणा | २५ जानेवारी

धागा वर काढतोय. परत आलो. कुठे गेलो ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पुढच्या पन्नास पोस्टी 'ते की हे' यावर होतील.

मुलगा पहिल्या दिवशी पट्ट्यावरून मागे घरंगळला, त्याच्या मागचे चार जण पत्त्यांसारखे पडले. तिसऱ्या दिवशी तो मला 'बाबा, पिझ्झा! पिझ्झा!' असं ओरडत मागे टाकून गेला. मी पिझ्झाच करत होतो, तो होत नव्हता. बायको माझ्यापेक्षा बरी निघाली. वेगळ्या गटात गेलो म्हणून भांडण झालं नाही, जुनी_खोड, तुमचे मनापासून आभार.

मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रडली, 'मला स्की द्या' म्हणाली. आडवी_फळी, तुमची पोस्ट फोनवर उघडून तिच्यासमोर धरली. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती उतारावर आडवी न बसता पहिल्यांदा डावीकडून उजवीकडे वळली. मामा तिथेच होता. त्याचा सकाळचा झाडीतला बेत त्याने आपणहून रद्द केला आणि उरलेले दिवस बराच वेळ तिच्याबरोबर हिरव्या रनवर काढला. शिखरावर तो एकूण तीनदाच गेला. मोठा डोंगर कुणासाठी घेतला होता हे आता त्याला विचारायचं नाही असं ठरलंय.

चौथा दिवस मोकळा ठेवला होता. पायऱ्या उलटं चालत उतरलो, मांड्या एवढ्या धरल्या होत्या.

आणि आई. दोन दिवस गोंडोलाने वर गेली. तिसऱ्या दिवशी एकटीच गेली. वर लिफ्टवर काम करणाऱ्या मुलीशी तिची ओळख झाली होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. शेवटच्या दिवशी ती मुलगी आईसाठी गोंडोला हळू करायची. आम्ही मागे उभे होतो, आमच्यासाठी नाही केली.

चूक एकच झाली. शेवटच्या दुपारी साडेतीनला 'अजून एक' म्हणून वर गेलो आणि सगळ्या डोंगराची गर्दी घेऊन खाली आलो. वरून येणाऱ्यानेच पुढच्याला सांभाळून जायचं असतं, हा नियम मला माहीत होता. बाकीच्यांना होता की नाही ते त्यांनाच ठाऊक.

आता पुढचा प्रश्न, मोजपट्टी: मुलगी म्हणतेय स्नोबोर्डचे स्वतःचे बूट हवेत. घेऊ का?

मोजपट्टी | २५ जानेवारी

अकरा वर्षांचा पाय? भिंतीला टाच लावून आज मोजा, कागदावर तारीख घाला. नोव्हेंबरात पुन्हा मोजा आणि दोन्ही कागदांचा फोटो इथे टाका. मग बोलू.